वीस डॉलरच्या नोटेवरचा माणूस आणि दादरचे सहा रविवार

बँकेत मी छत्तीस वर्षं काढली. त्यातली नऊ वर्षं फोर्टातल्या शाखेत, परकीय चलनाच्या काउंटरवर. त्यामुळे अँड्र्यू जॅक्सनचा चेहरा मला माझ्या दोन चुलतदिरांपेक्षा जास्त ओळखीचा आहे. वीस डॉलरच्या नोटेवर असतो तो. उभे केस, लांबोडकं तोंड, आत्ताच कुणी चेक परत पाठवलाय अशी मुद्रा. नोट खरी की खोटी हे बघायचं, नंबर लिहायचा, पुढे सरकवायची. हा बाबा कोण, हे विचारायला मागे रांग उभी असताना फुरसत कुणाला होती?

रिटायर झाल्यावर चार वर्षांनी व्हॉट्सॲपवर एक जाहिरात आली. ‘अमेरिकेचे अध्यक्ष : निवडणुका, वाद आणि भानगडी, १८०० ते १८३७. सहा रविवार, सकाळी दहा ते साडेबारा. दादर पश्चिम. शुल्क १,२०० रुपये, चहासह.’ खरं सांगते, ‘भानगडी’ हा शब्द वाचून पैसे भरले. संस्थेचं नाव इथे देत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करायची आहे आणि माणसं चांगली आहेत. सरांचंही नाव देत नाही. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज खणखणीत, आणि स्तुती केली की घड्याळाकडे बघतात.

आधी जागेचं सांगते, म्हणजे गुडघेवाल्यांना निर्णय घेता येईल. शाळेची जुनी इमारत, वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाक चौथीच्या मुलांचे. पंखे चार, त्यातला खिडकीजवळचा एकच खऱ्या अर्थाने फिरतो. मी मुलुंडहून येते, आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक हे मुंबईकराला सांगायला नको. पावणेनऊची स्लो धरली तर वेळेवर पोचता येतं. चहा मध्यंतरात एकदा, बरा असतो, साखर जास्त. छापील टिपणाची ४८ पानांची पुस्तिका देतात. तिच्यात मॅडिसन तीन प्रकारे लिहिलाय आणि नकाशाची झेरॉक्स इतकी काळी आली आहे की न्यूयॉर्क आणि समुद्र वेगळे करता येत नाहीत. नकाशाची तक्रार मी पहिल्याच दिवशी केली, पाचव्या रविवारी नवीन प्रत मिळाली. तीही काळीच होती, पण मिळाली.

वर्गात आम्ही बावीस जण. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी चार मुलं, दोन शिक्षिका, एक वकील, बाकी आम्ही पेन्शनर. पेन्शनरांपैकी किमान सहा जणांचं कुणी ना कुणी न्यू जर्सीत. हे कळायला वेळ लागला नाही, कारण पहिल्याच रविवारी सरांनी सांगितलं की उपाध्यक्ष ॲरन बर याने ११ जुलै १८०४ ला माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनला द्वंद्वात गोळी घातली ती न्यू जर्सीतल्या वीहॉकनला, हडसन नदीच्या काठी. हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी गेला. यावर मागच्या बाकावरचे सीए काका म्हणाले, “आमच्या चिरंजीवांचं घर तिथून वीस मिनिटं.” आणि मग पाच मिनिटं कुणाचं घर किती मिनिटं यावर गेली. सर घड्याळाकडे बघत उभे.

तो पहिला रविवार तसा १८०० च्या निवडणुकीचा. तिथेच मला कळलं की हा वर्ग भानगडींचा नसून मोजणीचा आहे. तिकडे अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांतून नेमलेले निर्वाचक. तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक निर्वाचकाला दोन मतं, पण अध्यक्षासाठी कुठलं आणि उपाध्यक्षासाठी कुठलं हे लिहायची सोयच नव्हती. जेफरसनच्या पक्षाच्या लोकांनी इमानदारीत दोन्ही मतं आपल्याच दोन माणसांना दिली. झालं काय, तर जेफरसनला ७३ आणि त्याचाच जोडीदार बर यालाही ७३. विद्यमान अध्यक्ष जॉन ॲडम्स ६५ वर बाहेर. एकाने तरी एक मत वाया घालवायचं ठरवायला हवं होतं, ते राहून गेलं. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत सेक्रेटरी आणि खजिनदार एकाच चिठ्ठीवर लिहायला सांगून असाच घोळ झाला होता, पण तिथे निदान कुणी पिस्तूल काढलं नाही.

मग प्रकरण प्रतिनिधिगृहात, म्हणजे तिकडच्या लोकसभेत. तिथे माणसागणिक नाही, राज्यागणिक एक मत. सोळा राज्यं, जिंकायला नऊ. जेफरसनकडे आठ, बरकडे सहा, दोन राज्यांत आपसात बरोबरी म्हणून मत कोरं. ११ फेब्रुवारी १८०१ पासून पस्तीस फेऱ्या झाल्या आणि पस्तीसही वेळा आकडा हाच. मेरीलँडचा जोसेफ निकल्सन तापाने फणफणलेला, त्याला बर्फातून बिछान्यासकट उचलून आणलं, शेजारच्या खोलीत झोपवलं आणि प्रत्येक फेरीला त्याच्या हातून मत लिहून घेतलं. तो आला नसता तर मेरीलँड बरकडे गेलं असतं. शेवटी डेलावेअरचा एकुलता एक सदस्य बेयार्ड मागे सरला, १७ तारखेला छत्तिसाव्या फेरीत जेफरसनला दहा राज्यं मिळाली आणि हातघाई मिटली. हा गोंधळ पुन्हा नको म्हणून १८०४ ला बारावी घटनादुरुस्ती झाली, अध्यक्षाचं आणि उपाध्यक्षाचं मत वेगळं झालं.

मी निवडणुकीची ड्युटी सात वेळा केली आहे. बोटाला शाई लावण्यापासून केंद्राध्यक्षापर्यंत सगळी कामं. सकाळी प्रतिनिधींसमोर पन्नास मतांची चाचणी घ्यायची, ती पुसायची, संध्याकाळी १७ सी फॉर्मवर आकडा जुळवायचा. एक मत इकडचं तिकडे झालं तर पोटात गोळा येतो. त्यामुळे छत्तीस फेऱ्यांची गोष्ट मी जेवढी मन लावून ऐकली तेवढी सरांनी सांगितलेली कुठलीच कुलंगडी ऐकली नसेल.

दुसऱ्या रविवारी जेफरसनच्या कुलंगड्या झाल्या, मॅडिसन झाला, मन्रो झाला. त्या दिवशीचं मला एवढंच आठवतं की १८१२ मध्ये अमेरिकेचं इंग्रजांशी युद्ध पेटलेलं असताना, फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईच्या धक्क्यावर उतरले. शत्रुराष्ट्राची माणसं म्हणून सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. राहिली कशीबशी, आणि पुढे त्याच मिशनने मुंबईत मराठी शाळा काढल्या. सरांनी हे दोन वाक्यांत सांगितलं. ते कशासाठी सांगितलं हे मला सहाव्या रविवारी कळलं. बाकी त्या दिवशी प्रोजेक्टर बंद पडला आणि अर्धा तास वायरी हलवण्यात गेला.

तिसरा रविवार मात्र पैसे वसूल. १८२४ ची निवडणूक.

सर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत चोवीस चिठ्ठ्या, एकेक राज्य. आम्ही बावीस, म्हणून एक चिठ्ठी नोंदणी करणाऱ्या मुलीला आणि एक चहा घेऊन आलेल्या काकांना. त्यांना अलाबामा आलं. त्यांनी किटली खाली ठेवून विचारलं, “याचं करायचं काय?” सर म्हणाले, “बसा. आज तुम्ही न्यूयॉर्कच्या बरोबरीचे आहात.”

आणि ते खरंच होतं. फळ्यावर निर्वाचकांच्या मतांचे आकडे लिहिलेले : जॅक्सन ९९, जॉन क्विन्सी ॲडम्स (आधीच्या ॲडम्सचा मुलगा) ८४, क्रॉफर्ड ४१, हेन्री क्ले ३७. एकूण २६१, बहुमताला १३१. कुणालाच नाहीत. लोकांनी टाकलेल्या मतांतही जॅक्सन पुढे, सुमारे दीड लाख, ॲडम्स सव्वा लाखाच्याही आत. पण चोवीसपैकी सहा राज्यांत लोकांनी मत दिलंच नव्हतं, तिथे निर्वाचक विधिमंडळाने नेमले होते, न्यूयॉर्क त्यातलंच. तेव्हा लोकांच्या मतांची ती बेरीजही पुरी नव्हे. नियमाप्रमाणे पहिले तीन प्रतिनिधिगृहाकडे. क्ले चौथा म्हणून बाद, पण क्लेच त्या गृहाचा सभापती! आणि मत पुन्हा राज्यागणिक. न्यूयॉर्कचे सदस्य ३४, त्यांचं मिळून एक मत. इलिनॉयचा सदस्य एक, त्याचंही एक.

मला आलं केंटकी. चिठ्ठीच्या मागे सरांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं : ‘तुमच्या राज्यात ॲडम्सला एकही मत पडलेलं नाही. विधिमंडळाचा आदेश आहे, जॅक्सनला मत द्या. तुमच्या राज्याचा लाडका नेता : क्ले.’ मी आज्ञाधारक बाई. जॅक्सन लिहून घडी घालून दिली.

पहिल्या फेरीत जॅक्सन अकरा, ॲडम्स अकरा, क्रॉफर्ड दोन. तेरा कुणाचेच नाहीत. सरांनी मग सीए काकांना बोलावून घेतलं, “तुम्ही क्ले. दहा मिनिटं आहेत. बाकांमधून फिरा.” काका असे रंगले की बघत राहावं. शर्ट नीट खोचला, वहिनींच्या मैत्रिणींना नमस्कार केला, मुलांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, “ताई, पुढचे तीनही रविवार पंख्याखालची माझी जागा तुमची.”

मी ॲडम्सला मत दिलं.

लिहायला लाज वाटते, पण झालं हे असं. सात निवडणुकांची ड्युटी, एकाही पक्षाच्या माणसाचा चहा घेतला नाही, आणि केंटकी विकलं ते पंख्यासाठी. दुसऱ्या फेरीत ॲडम्स तेरा, जॅक्सन नऊ, क्रॉफर्ड दोन. माझ्याबरोबर चहावाले काकाही फुटले होते. ते का फुटले ते त्यांनी सांगितलं नाही.

मग सरांनी खरा निकाल लिहिला. ९ फेब्रुवारी १८२५, पहिलीच फेरी : ॲडम्स १३, जॅक्सन ७, क्रॉफर्ड ४. केंटकी ॲडम्सकडे. आणि पुढे काही दिवसांतच ॲडम्सने क्लेला परराष्ट्रमंत्री नेमलं. त्या काळी ते पद म्हणजे अध्यक्षपदाचा जिना. जेफरसन, मॅडिसन, मन्रो आणि खुद्द ॲडम्स, चौघेही त्याच पदावरून वर गेलेले. जॅक्सनच्या लोकांनी ‘भ्रष्ट सौदा’ म्हणून जी ओरड सुरू केली ती चार वर्षं थांबली नाही. खुद्द जॅक्सनने क्लेला ‘पश्चिमेचा ज्यूडास’ म्हटलं. सौद्याचा कागद कधीच सापडला नाही. ॲडम्सच्या रोजनिशीत एवढंच आहे की ९ जानेवारीला क्ले आला आणि संध्याकाळभर बोलत बसला होता. मुलांपैकी एकाने विचारलं, “म्हणजे सौदा झाला की नाही, सर?” सर म्हणाले, “केंटकीला विचारा.” सगळे माझ्याकडे वळले.

त्याच दिवशीची एक गोष्ट मला फार आवडली. न्यूयॉर्कचं मत अडलं होतं एका म्हाताऱ्या सदस्यापाशी, स्टीफन व्हॅन रेन्सेलिअर. मोठा जमीनदार, भाविक, मनाने डळमळीत. तो फुटला म्हणून न्यूयॉर्क ॲडम्सचं झालं आणि तेराचा आकडा पुरा झाला. न्यूयॉर्कचा तेव्हाचा सिनेटर मार्टिन व्हॅन ब्युरेन याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की या गृहस्थाने मत टाकण्यापूर्वी बाकावर डोकं टेकवून देवाची प्रार्थना केली, डोळे उघडले तर पायाशी ॲडम्सच्या नावाची चिठ्ठी पडलेली. तीच उचलून पेटीत टाकली. खरं खोटं व्हॅन ब्युरेन जाणे, तो तेव्हा विरुद्ध बाजूला होता. पण मी मालवणची. आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात, उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वर्तमानपत्रवाले दर निवडणुकीला ‘मतदारांचा कौल’ छापतात ते काय उगाच? मी हे वर्गात बोलले तर सरांनी पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता वहीत लिहून घेतलं.

चौथा रविवार १८२८ चा, म्हणजे जाहिरातीतल्या भानगडी. गर्दी त्या दिवशी सगळ्यात जास्त, दोन शेजारणी फुकट ऐकायला आल्या होत्या. जॅक्सनची बायको रेचल पहिल्या नवऱ्यापासून वेगळी झालेली. घटस्फोट झाला असं समजून दोघांनी १७९१ मध्ये लग्न केलं, तो प्रत्यक्षात मंजूर झाला १७९३ मध्ये, म्हणून १७९४ ला पुन्हा लग्न. सदतीस वर्षांपूर्वीची ही तारखांची चूक विरोधकांनी प्रचारात उकरून काढली, व्यभिचारिणी म्हणून छापलं. जॅक्सनने फासावर, म्हणजे गोळीबाराच्या शिक्षेला पाठवलेल्या सहा सैनिकांच्या काळ्या शवपेट्या काढलेली पत्रकं वाटली. समोरून ॲडम्सवर आरोप की रशियात राजदूत असताना त्याने झारला एक अमेरिकन मुलगी पुरवली, आणि अध्यक्षांच्या घरात सरकारी पैशाने बिलियर्डचं टेबल घेतलं. टेबल त्याने पदरच्या पैशांनी घेतलं होतं, यादीत चुकून सरकारी खर्चात दिसलं. एका व्हाउचरने मिटला असता असा आरोप, आणि तो वर्षानुवर्षं चिकटून राहिला. जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ ने जिंकला. निकालानंतर, २२ डिसेंबर १८२८ ला रेचल वारली. शेजारणी तिथे डोळे पुसत होत्या.

मध्यंतरानंतर पेगी ईटनचं प्रकरण. ते सरांनी ज्या पद्धतीने सांगितलं त्याला मी पैकीच्या पैकी देते. पुढे जॅक्सनचा युद्धमंत्री झालेल्या जॉन ईटनने १ जानेवारी १८२९ ला पेगीशी लग्न केलं. ती खाणावळवाल्याची मुलगी, पहिला नवरा आरमारात होता, तो समुद्रावरच वारला, आणि वर्षही न उलटता तिने दुसरं लग्न केलं. उपाध्यक्ष कॅल्हून यांच्या बायकोने, फ्लोराइडबाईंनी, तिच्या घरी जायचं नाही, तिला बोलवायचं नाही असं ठरवलं आणि बाकी मंत्रिणी त्यांच्या मागे. सर म्हणाले, “सोपं करून सांगतो. हिला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही.” सगळा वर्ग एका क्षणात समजला. पुढे काही सांगायची गरजच उरली नाही. अध्यक्षांच्या घरातल्या मानाच्या बाई म्हणजे त्यांची भाचेसून एमिली डॉनेल्सन, तीसुद्धा पेगीकडे जाईना. रेचलच्या आठवणीने पेटलेला जॅक्सन पेगीच्या बाजूने हट्टाला उभा. दोन वर्षं मंत्रिमंडळ या एका हळदीकुंकवावर अडलं आणि १८३१ मध्ये जवळजवळ सगळ्यांचे राजीनामे घेऊन नवीन मंत्री नेमले. फायदा कुणाचा? मार्टिन व्हॅन ब्युरेनचा. तो विधुर. घरात नाक मुरडायला बायको नाही, त्यामुळे पेगीकडे खुशाल जायचा, तिला जेवायला बोलवायचा. कॅल्हून मागे पडला, व्हॅन ब्युरेन उपाध्यक्ष झाला, मग १८३६ ला अध्यक्षपदावर निवडून आला.

चीजची गोष्टही त्याच दिवशीची, घाईत सांगितली. कुणीतरी जॅक्सनला १,४०० पौंडांचं, म्हणजे सव्वासहाशे किलोंच्या वर, चीज भेट दिलं होतं. २२ फेब्रुवारी १८३७ ला लोकांना घर उघडं केलं आणि दोन तासांत ते संपलं. वास मागे राहिला. शपथविधीच्या दिवशी, १८२९ मध्ये, हेच लोक चिखलाच्या बुटांनी साटिनच्या खुर्च्यांवर चढले होते, आणि त्यांना बाहेर काढायला सरबताची पिंपं हिरवळीवर न्यावी लागली होती.

पाचवा रविवार बँकेचा. मी पंख्याखाली, सीए काका माझ्याशेजारी उकडत. सरांना माहीत होतं की वर्गात तिघं बँकवाले आहेत, म्हणून त्यांनी आधीच सांगितलं, “चुकलो तर थांबवा.” थांबवावं लागलं नाही.

अमेरिकेची दुसरी मध्यवर्ती बँक, सनद १८१६ ची, वीस वर्षांची. भांडवल साडेतीन कोटी डॉलर, त्यातला पाचवा हिस्सा सरकारचा. मुख्य कचेरी फिलाडेल्फियात, अध्यक्ष निकोलस बिडल. सनद संपायला १८३६ उजाडायचं होतं, पण क्लेच्या सल्ल्याने बिडलने जानेवारी १८३२ मध्येच नूतनीकरणाचा अर्ज केला. डाव असा की निवडणुकीच्या वर्षात जॅक्सन नाही म्हणणार नाही. जॅक्सन १० जुलै १८३२ ला नाही म्हणाला. आणि त्याच मुद्द्यावर निवडणूक लढवून २१९ विरुद्ध ४९ ने क्लेला आडवा केला.

डॅनियल वेबस्टर हे तेव्हाचे मोठे सिनेटर, बँकेच्या बाजूने सभागृहात भाषणं करणारे. त्यांनी डिसेंबर १८३३ मध्ये बिडलला पत्र लिहिलं की माझी नेहमीची फी अजून आलेली नाही, संबंध चालू ठेवायचे असतील तर पाठवा. हे ऐकून आमच्या तिघा बँकवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. आम्हाला दिवाळीत ग्राहकाने दिलेला सुक्यामेव्याचा डबासुद्धा परत करावा लागायचा.

पुढे जॅक्सनने सरकारी ठेवी या बँकेत भरणं बंद करून आपल्या मर्जीतल्या राज्य-बँकांकडे वळवल्या. अर्थमंत्री ड्युएन सही करेना, त्याला काढलं, टेनीला आणलं, टेनीने सही केली. बिडलने उलट कर्जं आवळून बाजाराला धडा शिकवायला घेतला. दोन हट्टी माणसं, आणि मधे व्यापाऱ्यांच्या हुंड्या. मी बँकवाली असूनही मला बिडलची दया आली नाही. त्याने ग्राहकाला वेठीला धरलं. पण जॅक्सननेही बँक मोडली ती तिच्या जागी काय आणायचं याचा विचार न करता. न्यूयॉर्कच्या बँकांनी १० मे १८३७ ला नोटांच्या बदल्यात नाणं देणं थांबवलं, तोवर जॅक्सन घरी टेनेसीला पोचला होता आणि निस्तरायला व्हॅन ब्युरेन होता. आणि कागदी नोटांवर ज्याचा काडीचा विश्वास नव्हता तो माणूस १९२८ पासून वीसच्या नोटेवर! नऊ वर्षं रोज बघत होते मी त्याला. ती मुद्रा कसली आहे ते आता कळलं.

त्या दिवसातला मला सगळ्यात भावलेला भाग मात्र वेगळा. ठेवी हलवल्याबद्दल सिनेटने मार्च १८३४ मध्ये जॅक्सनच्या निषेधाचा ठराव केला. जॅक्सनचे लोक तीन वर्षं झगडले, बहुमत आल्यावर १६ जानेवारी १८३७ ला तो ठराव काढून टाकायचं ठरलं. कसा काढला? पान फाडलं नाही. कार्यवृत्ताची वही आणवली, ठरावाभोवती जाड काळ्या रेघा ओढल्या आणि वर आडवं लिहिलं : सिनेटच्या आदेशाने रद्द. म्हणजे खालचं सगळं आजही वाचता येतं. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. चुकीची नोंद खोडरबराने पुसायची नाही, ब्लेडने खरवडायची नाही. रेघ मारायची, शेजारी सही. खाडाखोड दिसली पाहिजे.

आता तक्रार. सहावा रविवार होता १८३० च्या इंडियन स्थलांतर कायद्याचा, म्हणजे चेरोकी आणि तिथल्या इतर मूळ रहिवासी जमातींना त्यांच्या जमिनीवरून उठवून मिसिसिपीपलीकडे पाठवण्याचा. माझ्या मते हाच विषय मुख्य. बाकी पाच रविवार कुणाला किती मतं यात गेले, हा एक रविवार ज्यांचं मतच नव्हतं त्यांचा. पण संयोजकांनी त्याच दिवशी समारोप ठेवला. प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा. शाल, श्रीफळ, देणगीदारांची यादी, एका काकांची कविता. सरांना मिळाली बावीस मिनिटं. मी मोजली.

त्या बावीस मिनिटांत त्यांनी जे सांगितलं ते असं. कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ ने, म्हणजे जेमतेम पाच मतांनी मंजूर झाला. जॉर्जियाने चेरोकींच्या मुलखात परवान्याशिवाय राहणाऱ्या गोऱ्यांना अटक करायला सुरुवात केली. सॅम्युएल वूस्टर नावाच्या मिशनऱ्याने परवाना घ्यायला नकार दिला, त्याला चार वर्षं सक्तमजुरी झाली. सर्वोच्च न्यायालयाने १८३२ मध्ये त्याच्या बाजूने, चेरोकींच्या बाजूने निकाल दिला. निकालाने चेरोकींचं काही वाचलं नाही. १८३८ मध्ये लष्कराने सुमारे सोळा हजार माणसं घराबाहेर काढली, वाटेत आणि छावण्यांत चार हजारांच्या आसपास मेली असा अंदाज सांगतात. आणि मग सर म्हणाले, “दुसऱ्या रविवारचे हॉल आणि नॉट आठवतात? मुंबईच्या धक्क्यावरचे? त्यांना पाठवणारं बॉस्टनचं मंडळ आणि वूस्टरला चेरोकींकडे पाठवणारं मंडळ एकच.” मी पेन उचललं. एका टोकाला मुंबईतल्या मराठी शाळा, दुसऱ्या टोकाला जॉर्जियाचा तुरुंग. यावर विचारायला माझ्याकडे तीन प्रश्न होते. एवढ्यात मागच्या दाराने वडापावची खोकी आली, कुणीतरी “सर, आवरतं घ्या” म्हणालं आणि खुर्च्या सरकल्या.

वडापाव गरम होता, तेवढं खरं.

दिवाळीनंतर लिंकनवर आठ रविवार करणार आहेत, शुल्क १,५०० रुपये. मी नाव दिलंय. तुम्ही जाणार असाल तर पावणेदहाला पोचा आणि खिडकीकडची तिसरी रांग धरा. समारोपाच्या दिवशी पाहुण्यांना अकराची वेळ सांगा, असं मी संयोजकांना लेखी कळवलंय.

अभिप्रायाचा फॉर्म त्यांनी शेवटच्या दिवशी सुरुवातीलाच वाटला होता. मी भाबडेपणाने सहाही रविवारांपुढे ‘उत्तम’वर खूण करून ठेवली होती. निघताना पुन्हा उघडला, सहाव्या ओळीवर रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली. फॉर्म गोळा करणारी मुलगी म्हणाली, “काकू, खराब झालाय का? नवीन देऊ?”

“नको,” म्हटलं. “असाच जाऊ दे.”